आप्पा घरातच आहेत, पण नेमके कुठे?

एका ताईंनी विचारलं आहे: शिरपूर तालुक्यातल्या गावी आई-वडील दोघंच राहतात. घर जुनं, धाब्याचं. मागच्या अंगाला अलीकडे दोन स्लॅबच्या खोल्या आणि न्हाणी-संडास वाढवलेला. आप्पा ७९ वर्षांचे, डॉक्टरांनी डिमेन्शियाची सुरुवात सांगितली आहे, रात्री-अपरात्री उठून निघतात. आई ७२ वर्षांच्या, काचबिंदूने नजर जवळजवळ गेलेली. ताई पुण्याला. 'जीपीएसचं काही लावलं तर दोघं कोणत्या खोलीत आहेत ते मला फोनवर दिसेल का?' एवढाच प्रश्न.

ताई, जीपीएसने दिसणार नाही. ते उपग्रह २०,२०० किलोमीटर उंचीवरून फिरतात आणि जेमतेम घरातल्या बल्बाएवढ्या ताकदीने सिग्नल सोडतात. तो मोकळ्या आभाळाखाली तुमच्या फोनला मिळतो हेच पुष्कळ. धाब्यावरची फूटभर माती आणि खालची लाकडं ओलांडून तो माजघरात उतरत नाही. उतरला तरी उघड्यावरसुद्धा फोन पाचेक मीटर इकडेतिकडे दाखवतो. गावातल्या घरात पाच मीटर म्हणजे आपलं स्वयंपाकघर की शेजाऱ्याचं, एवढा फरक.

बऱ्याच जणांनी मला एअरटॅगचंही विचारलंय, म्हणून तेही उरकतो. २०२१ मध्ये आलेली ती गोल चकती जवळ आयफोन असेल तर इंचाइंचाने शोधून देते, पण शोधणारा त्याच घरात हवा. पुण्यात बसून तुम्हाला इतकंच कळेल की ॲपलचा कुणाचा तरी फोन शेवटचा जवळून गेला तेव्हा ती कुठे होती. गावात असे फोन किती, ते तुम्हीच सांगा. शिवाय ती वस्तूंसाठी आहे, माणसांसाठी नाही, हे खुद्द कंपनीच सांगते.

मी धुळ्यात बरीच वर्षं सेन्सर आणि अलार्म बसवण्याचं काम करतो. सुरुवात दुकानांच्या चोर-अलार्मपासून झाली. आता निम्मी कामं अशीच असतात: मुलं पुण्याला, सुरतेला, नाशिकला, आणि घरी दोन म्हातारी माणसं. या कामात पहिल्याच दिवशी एक गोष्ट ठरवावी लागते, बाकी सगळं तिच्यामागून येतं. माणूस कुठे आहे हे कळायला हवंय कुणाला? तुमच्या घरात याची दोन उत्तरं आहेत. आप्पांच्या बाबतीत ते दुसऱ्या कुणाला तरी कळायला हवं. आईच्या बाबतीत ते तुम्हाला नाही, त्यांना स्वतःला कळायला हवं. म्हणून 'आईसाठीही तेच' असं धरून चालू नका. दोघांची यंत्रणा अक्षरशः उलटी बसते.

आधी आप्पांचं बघू. त्यांच्या अंगावर एक लहानसा ब्लूटूथ टॅग असतो. तो दर एक-दोन सेकंदांनी 'मी आठेच शे' (मी इथेच आहे) एवढंच ओरडत राहतो. प्रत्येक खोलीत भिंतीवर एक ऐकणारं डबडं बसवायचं. ईएसपी-३२ नावाच्या बोर्डाचं हे डबडं शे-पाचशेत होतं आणि मोबाइलच्या चार्जरवर चालतं. ज्या डबड्याला टॅग सगळ्यांत जोरात ऐकू येतो, त्या खोलीत आप्पा. तत्त्व एवढंच.

इथे नवशिके, आणि काही विकणारेसुद्धा, एक चूक करतात. सिग्नलच्या जोरावरून अंतर काढायला बसतात: 'आप्पा कपाटापासून २.३ मीटरवर आहेत.' हे खोटं असतं. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की सिग्नल सहा डेसिबलने पडतो हे खरं. पण घरात माणूस नुसता उभा असला तरी सिग्नल पाच-दहा डेसिबलने वरखाली होतो, कारण तो भिंतीवर, पत्र्यावर, लोखंडी कपाटावर आपटून वेगवेगळ्या वाटांनी येतो. त्यातून मीटर-सेंटिमीटर काढणं म्हणजे बाजाराचा गलका ऐकून वांग्याचा भाव सांगण्यासारखं. खोली कोणती एवढंच विचारावं. तेही सलग पंधरा सेकंद एकाच डबड्याचा जोर राहिला तरच खोली बदलली असं धरावं. नाहीतर आप्पा उंबऱ्यावर बसले की ते मिनिटाला दहा वेळा आत-बाहेर करताना दिसतात.

तुमचं धाब्याचं घर इथे उपयोगी पडतं. दोन-अडीच फुटी मातीची भिंत ब्लूटूथला चांगलीच अडवते, त्यामुळे ओसरी, माजघर आणि कोठीची खोली स्वच्छ वेगळ्या दिसतात. त्रास देणार त्या नव्या खोल्या. चार इंची विटेची भिंत असली की या खोलीतला टॅग त्या खोलीतही जवळजवळ तितकाच ऐकू येतो. तिथे डबडी सामाईक भिंतीवर न लावता एकमेकांपासून सगळ्यांत लांबच्या कोपऱ्यात लावायची.

आणि लोखंड. पारोळ्याकडच्या एका घरी सगळं छान बसवून, महिनाभर चाललेलं पाहून मी निश्चिंत होतो. दिवाळीनंतर मुलाचा फोन: 'नाना रात्रभर गोठ्यात दिसताहेत, आणि आई म्हणते ते तर खाटेवर घोरताहेत.' जाऊन पाहिलं. रंगकामासाठी गव्हाची लोखंडी कोठी सरकवली होती आणि ती बरोब्बर माझ्या डबड्यासमोर आली होती. माजघराचं डबडं बहिरं झालं आणि मागच्या खिडकीतून गोठ्याचं डबडं नानांना ऐकू लागलं. तेव्हापासून मी घरच्यांना एक चिठ्ठी भिंतीवर चिकटवून देतो: कोठी, कपाट, फ्रिज हलवला तर फोन करा.

आता टॅग अंगावर राहणार कसा? माझ्या अनुभवात निम्मी कामं इथेच फसतात. मनगटावर दिला तर चार्जिंगला काढतात आणि विसरतात. गळ्यात दिला तर काय होतं ते ऐका. एका आप्पांनी माझ्या हातातला टॅग उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाले, 'मन्हा गयामा घंटी बांधस का? मी काय ढोर शे का?' त्यांचं चुकलं नव्हतं. गुराच्या गळ्यातली घंटा म्हणजे न दिसणारं जनावर आवाजावरून शोधायचीच सोय आहे, मी तीच त्यांना बांधत होतो. काठीला लावला तर काठी ओसरीत आणि माणूस परसात. चपलेत घालावा तर घरात चप्पल कोण घालतं?

शेवटी तोडगा त्याच आप्पांनी दिला. त्यांच्या करदोड्याला कपाटाची किल्ली होती. किल्ली पन्नास वर्षं कंबरेला, आंघोळीलासुद्धा निघत नव्हती. टॅग किल्लीशेजारी गेला आणि तिथेच राहिला. तेव्हापासून पुरुष माणसाला मी आधी करदोड्याचं विचारतो. टॅग पाण्यात चालणारा घ्या, आणि ज्याचं झाकण नखाने उघडत नाही, स्क्रू लागतो असाच घ्या. आतला नाण्याएवढा सेल विसराळू माणसाने किंवा सुट्टीत आलेल्या नातवंडाने गिळला तर दोन तासांत अन्ननलिका जाळू शकतो. याबाबत मी कुणाचं ऐकत नाही.

करदोड्याची एक खोट मात्र आहे. माणसाच्या अंगात पाणीच पाणी, आणि ब्लूटूथच्या लहरी पाण्यात शोषल्या जातात. आप्पा पोटावर, टॅग अंगाखाली घेऊन पडले की सिग्नल एकदम मरतो. म्हणजे माणूस पडतो नेमका त्याच वेळी टॅग गप्प होतो. म्हणून 'टॅग गायब' याचा अर्थ 'काही नाही' असा न लावता 'कुणीतरी आत जाऊन बघा' असा लावायचा. आणि न्हाणीत टॅगवर विसंबायचंच नाही.

जगभरात दर वर्षी अंदाजे ६,८४,००० माणसं पडून दगावतात, असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि त्यांत सगळ्यांत जास्त साठीपुढची. पडण्याइतकाच पडून राहण्याचा धोका असतो: तासन्‌तास जमिनीवर, पाण्याविना, कुणाला पत्ता नाही. त्यामुळे 'आप्पा न्हाणीत आहेत' ही माहिती एकटी बिनकामाची आहे. 'आप्पा न्हाणीत आहेत आणि पंचवीस मिनिटं झाली' ही कामाची.

न्हाणीत कॅमेरा नाही, हे सांगायची गरज पडू नये, पण पडते. तिथे दोन पर्याय. एक पीआयआर, म्हणजे जिन्यात माणूस आला की दिवा लावणारं ते पांढऱ्या घुमटाचं यंत्र. ते स्वस्त आहे आणि हिवाळ्यात उत्तम चालतं. पण आपल्या खानदेशात त्याची एक गंमत होते जी पुण्याच्या विक्रेत्याला ठाऊक नसते. ते यंत्र माणूस बघत नाही. अंगाची उष्णता आणि मागच्या भिंतीची उष्णता यांतला फरक सरकला की त्याला कळतं. कपड्यांसकट अंगाचा पृष्ठभाग तेहतीस-पस्तीस अंशांचा. मे महिन्यात दिवसभर ४४ अंशांत भाजलेली स्लॅबची खोली संध्याकाळी आतून तेवढीच तापलेली असते. फरक संपला की यंत्र आंधळं. पहिल्या वर्षी मी सेन्सर बदलत बसलो, वायरिंग उकरलं, आणि जूनमध्ये पहिला पाऊस पडल्यावर सगळं आपोआप दुरुस्त झालं!

आता मी न्हाणीत २४ गिगाहर्ट्झचं छोटं रडार लावतो. ते उष्णता पाहत नाही, लहरी सोडून परत आलेल्या ऐकतं. माणूस निपचित बसला तरी श्वासाने छाती हलते तेवढं त्याला पुरतं. त्याच्या स्वतःच्या खोड्या आहेत: फिरता पंखा, वाऱ्याने हलणारा पडदा, दोरीवर वाळत टाकलेलं धोतर, सगळं त्याला माणूस वाटतं. न्हाणीतली दोरी काढा आणि रडार दारावर, आतल्या बाजूला तोंड करून लावा. रडारला माणूस आहे हे कळतं, कोण आहे हे कळत नाही. ते टॅग सांगतो. दोघांची सांगड घालायची.

रात्री निघून जाण्याचं उत्तर मात्र सगळ्यांत स्वस्त आहे. दाराच्या चौकटीला लोहचुंबकाचा स्विच. फक्त जुन्या घराची सागवानी कवाडं नीट मिटत नाहीत, बोटभर फट राहते, म्हणून रुंद फटीला चालणारा स्विच मागा. आणि दार उघडलं की सायरन वाजवू नका. आपल्याकडच्या म्हाताऱ्या शेतकऱ्यांचं रात्री उठणं बऱ्याचदा वाट चुकणं नसतं. आयुष्यभर शेतीपंपाला रात्रीची लाइट मिळाली, दोनला उठून मोटर चालू करायला गेलेली माणसं ही. एक आजोबा रोज रात्री उठून म्हणायचे, 'लाइट उनी व्हई, मोटर चालू करी येस.' (लाइट आली असेल, मोटर चालू करून येतो.) त्यांच्यासाठी सायरन म्हणजे आणखी गोंधळ. आम्ही दार उघडताच ओसरीतला दिवा लावला आणि मुलाच्या आवाजातलं रेकॉर्डिंग वाजवलं: 'आबा, मोटर चालू शे, झोपा.' बरेचदा ते परत फिरायचे. दर वेळी नाही, म्हणून शेजाऱ्याच्या फोनवरही घंटी जायची.

शेजारी म्हटलं म्हणून सांगतो. इशारा पुण्याला गेला तर तुम्ही काय करणार? रात्रभराचा प्रवास. इशारा आधी हाकेच्या अंतरावरच्या घरात वाजला पाहिजे, तोही इंटरनेटशिवाय, कारण वळवाच्या वादळात आधी वीज जाते आणि मग वायफाय. राउटरला छोटा यूपीएस द्या, आणि शेजारच्या घरात साधी तारेची किंवा रेडिओची घंटी. एका ठिकाणी आमचं सगळं बरोबर चाललं. न्हाणीत पंचवीस मिनिटं झाली, घंटी वाजली, शेजारचा पोरगा चार मिनिटांत पोचला, आणि आतून कडी! दार फोडण्यात जो वेळ गेला तो मला अजून टोचतो. आजी वाचल्या, खुब्याचं हाड मोडलं होतं. तेव्हापासून माझ्या कामाच्या यादीत पहिली ओळ सेन्सरची नसते. न्हाणी-संडासाची कडी काढून बाहेरून उघडता येईल असा खटका बसवा. तुमच्या घरी सुतार माझ्याआधी यायला हवा.

किती मिनिटांनी इशारा द्यायचा हे पुस्तकातून घेऊ नका. मी पहिले दोन आठवडे यंत्रणा मुकी ठेवतो, नुसती नोंद करते. एखाद्याला सकाळी संडासात पस्तीस मिनिटं लागतात, ती त्याची रीत. तिला धरून आकडा ठरवतो. खोटे इशारे आठवड्याला दोनपेक्षा जास्त झाले की घरचे फोन म्यूट करतात, हे मी इतक्या वेळा पाहिलंय की आता त्याचा रागही येत नाही.

आणि ते इशारे कुटुंबाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर टाकू नका. एका घरी अकरा जणांना आजोबा रात्री किती वेळा लघवीला उठले ते कळायचं, त्यात जावई आणि भाचेसूनही. इशारा दोघांना, तुम्हाला आणि शेजाऱ्याला. रोजची नोंद एखाद्या आठवड्याने पुसून टाकायची. २०२३ चा डेटा संरक्षणाचा कायदा कंपन्यांसाठी असला तरी घरातली लाज त्याहून जुनी आहे. आप्पांना विचाराही. डिमेन्शियाची सुरुवात आहे म्हणता, म्हणजे आज ते हो-नाही सांगू शकतात. दोन वर्षांनी कदाचित सांगू शकणार नाहीत. आज त्यांनी करदोड्याला टॅग बांधून घेतला तर पुढे तो परका वाटणार नाही.

आता आई. त्यांच्या अंगावर काहीही बांधू नका. त्या घरात चाळीसेक वर्षं वावरल्या असतील. चुलीपासून न्हाणीपर्यंत किती पावलं हे त्यांच्या पायांना पाठ असणार. अडचण नव्या बांधकामाची आहे. तिथली पायरी, तिथलं वळण नजर असताना अंगवळणी पडलेलं नाही. त्यांच्यासाठी उलटी रचना: टॅग भिंतीवर, ऐकणारा फोन त्यांच्या खिशात. दाराशी लावलेला बीकन, म्हणजे तोच भिंतीवरचा टॅग, आपलं नाव सांगतो, फोन ते ओळखून कानात बोलतो. त्या कुठे आहेत हे त्यांच्याच फोनला कळतं, कुणाला पाठवलं जात नाही. लंडनच्या पिम्लिको भुयारी स्थानकात 'वेफाइंडर' या संस्थेने अंध प्रवाशांसाठी हेच करून पाहिलं, आणि त्यातूनच आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघाचं एफ.९२१ हे मानक २०१७ मध्ये आलं. बीकन 'जिना जवळ आला' एवढंच सांगू शकतो. तुमचं तोंड कुठे आहे हे त्याला कळत नाही, आणि सळईच्या स्लॅबखाली फोनचं होकायंत्रही भरकटतं. त्यामुळे सूचना 'उजवीकडे वळा' अशी देऊन भागत नाही. 'भिंतीला डावा हात लावून चाला' अशी द्यावी लागते.

फोनमधला मराठी आवाज चालतो, पण आमच्याकडच्या माय लोकांना तो बातम्यांसारखा वाटतो. मी एका घरी नातीकडून अहिराणीत रेकॉर्ड करून घेतलं: 'माय, आठे पायरी शे.' आजी आधी हसल्या, मग दोन वेळा मुद्दाम मागे जाऊन परत पायरीवर आल्या, पुन्हा ऐकायला.

खरं सांगायचं तर तुमच्या आईला कदाचित फोनही नको. पायरीच्या अलीकडे दोन फूट खरबरीत शहाबादी फरशी, भिंतीला कंबरेच्या उंचीवर गुळगुळीत पाइप. रेल्वेच्या फलाटावर पिवळ्या उठावाच्या फरश्या दिसतात ना, ती कल्पना जपानच्या सेइची मियाके यांची, १९६७ मध्ये ओकायामात पहिल्यांदा बसवली. तिला सेल लागत नाही. बीकन मी घरापेक्षा दवाखाने, कचेऱ्या, बसस्थानकं यांच्यासाठी ठेवीन, जिथे माणूस पहिल्यांदाच येतो आणि खिडकी क्रमांक चार कुठे हे विचारायला धड कुणी सापडत नाही.

अल्ट्रा वाइडबँड या जागा शोधायच्या रेडिओ तंत्राबद्दल विक्रेते तुम्हाला नक्की सांगतील. तंत्र सुंदर आहे. लहरीला जायला-यायला लागलेला वेळ मोजतात. एका नॅनोसेकंदात प्रकाश तीस सेंटिमीटर जातो, म्हणजे तेवढं बारीक घड्याळ लागतं, आणि चूक दहा ते तीस सेंटिमीटरच्या आत राहते. वीस-तीस खाटांच्या वृद्धाश्रमात कोण कुठे, व्हीलचेअर कुठे, यासाठी ते योग्य. दोन माणसांच्या घरात भिंतीभिंतीवर त्याची डबडी बसवून तेवढी बारकाई विकत घेऊन करायचं काय? केंब्रिजच्या ऑलिव्हेटी प्रयोगशाळेत १९८९ ते १९९२ च्या दरम्यान पहिला 'ॲक्टिव्ह बॅज', म्हणजे माणूस कुठे आहे ते सांगणारा अंगावरचा बिल्ला, झाला, तोही खोलीच ओळखायचा, आणि कामं भागत होती. त्यांना फक्त फोन योग्य खोलीत वाजवायचा होता.

पुढच्या खेपेला गावी गेलात की एका कागदावर घराचा आराखडा काढा. हाताने काढलेला चालेल. कुठली भिंत मातीची, कुठली विटेची ते लिहा. लोखंडी कपाट, कोठी, फ्रिज यांवर फुल्या मारा. पाणी कुठे सांडतं, आप्पा दुपारी कुठे टेकतात, आईचा हात चालताना कुठल्या भिंतीला लागतो, तेही लिहा. तिथे रंग उडालेला असतो, लगेच दिसेल. कागदाचा फोटो मला पाठवा. आणि सुताराला त्याच दिवशी बोलवा.